ठशाचं चित्र, स्केचपेनचा रंग : शुभेच्छापत्र घरी कसं बनवायचं आणि पोस्टाने नीट कसं पोहोचवायचं

नंदुरबार : दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातून बरीच कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला निघतात. कुणी गुजरातकडे जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्राकडे. मुलं मागे राहतात, कुणी आश्रमशाळेत तर कुणी आजी-आजोबांजवळ. परतणं होतं ते होळीच्या सुमारास. मधे मकर संक्रांत येते, १४ जानेवारीच्या आसपास, नेमकी आई-बाप फडावर असताना. फोनवर दोन मिनिटं बोलणं होतं, कधी रेंज नसते, कधी बॅटरी उतरलेली असते. अशा वेळी मुलाने स्वतःच्या हाताने केलेलं एक कार्ड पाठवता येतं, आणि ते करायला बाजारातून महागडं सामान आणावं लागत नाही.

संक्रांतीला शाळेत तिळगुळासोबत छोटी छोटी भेटकार्डं वाटायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांना ती आठवत असतील. मोबाईल आल्यावर ती मागे पडली. सकाळी उठून तेच गुलाबाचं फूल आणि तोच मेसेज दहा ग्रुपवर टाकायचा, तो बघतो कोण, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारचं साक्षरतेचं प्रमाण सुमारे ६४ टक्के होतं, राज्याचं सुमारे ८२. म्हणजे ज्याच्या हातात कार्ड पडणार, त्याला आतल्या ओळी वाचता येतीलच असं नाही. म्हणून इथे कार्डात मजकूर कमी आणि चित्र जास्त असावं. घराजवळचा महू, दारातली शेळी, आश्रमशाळेची घंटा, मुलाचा स्वतःचा हात कागदावर ठेवून भोवती ओढलेली रेघ. हे कुणी वाचून दाखवायची गरज पडत नाही.

छापायचं काय, रंगवायचं काय

छापील शुभेच्छापत्राची सुरुवात लंडनमध्ये झाली असं मानतात. १८४३ साली हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी नाताळसाठी एक कार्ड चित्रकाराकडून काढून घेतलं आणि छापलं. तेव्हा रंगीत छपाई सोपी नव्हती. म्हणून रेषा तेवढ्या छापल्या आणि रंग माणसांनी हाताने भरले. आज आपण ठसा आणि स्केचपेन वापरून जे करणार आहोत ते नेमकं हेच आहे.

यातली खुबी लक्षात घ्या. जे पुन्हा पुन्हा लागतं त्याचा ठसा करायचा. पतंग, पान, ढोल, काठाची नक्षी. आणि जे प्रत्येक कार्डावर वेगळं हवं ते हाताने. वीस कार्डांवर वीस पतंग हाताने काढायला बसाल तर पाचव्या पतंगाला कंटाळा येतो आणि तो कार्डावर दिसतो. उलट सगळंच ठशाने केलं तर कार्ड सरकारी कागदासारखं दिसतं.

ठसा कशाचा?

भेंडीचा ठसा सगळ्यांनी शाळेत केलेला असतो. आडवी कापली की पाच कोनांचं फूल तयार. बटाटा अर्धा कापून त्यावर आकार कोरता येतो. पण दोघांतही एक चूक सर्रास होते. कापल्या कापल्या रंगात बुडवतात. भेंडीचा चिकटपणा आणि बटाट्याचं पाणी रंगात उतरतं आणि कागदावर डाग पडतो. कापल्यावर फडक्याने टिपून दहा मिनिटं तशीच ठेवा, मग वापरा. बटाट्याचा ठसा एक दिवस चालतो, दुसऱ्या दिवशी आकसतो. (नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव, म्हणून मिरची कापून ठसा उमटवायचा मोह होईल. मुलांना करू देऊ नका. तोच हात डोळ्याला लागतो.)

टिकाऊ ठसा हवा असेल तर खोडरबर घ्या, मोठा आणि मऊ. त्याहून स्वस्त म्हणजे जुन्या हवाई चपलेचा तळ. धुऊन, वाळवून त्याचे तुकडे करा. झिजलेला खड्ड्याखड्ड्याचा भाग सोडून सपाट भाग घ्या. कोरायला कटर किंवा ब्लेड लागतं, ते काम मोठ्यांनी करावं. मुलांनी चित्र काढून द्यावं.

चित्र रबरावर उतरवायची सोपी युक्ती आहे. साध्या कागदावर मऊ पेन्सिलने गडद चित्र काढा. तो कागद रबरावर उलटा ठेवून नखाने घासा. पेन्सिलचा शिसा रबरावर उतरतो, तोही उलटा. कोरून छापलं की चित्र पुन्हा सुलटं येतं. अक्षर कोरताना हे फार महत्त्वाचं. 'शुभ' असं थेट रबरावर लिहून कोरलंत तर कागदावर ते आरशात पाहिल्यासारखं उमटेल.

कोरताना रेषेच्या दोन्ही बाजूंचा भाग काढायचा आणि रेष उभी ठेवायची. दोन मिलिमीटर खोली पुरते. ब्लेड रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेची बैठक रुंद राहते. आत तिरकं धरलं तर रेष खालून पोकळ होते आणि दहाव्या दाबाला मोडून पडते.

ब्लेड अजिबात नको असेल तर बाटलीचं झाकण किंवा रिकामी काडेपेटी घ्या, त्यावर डिंक लावून सुतळी हव्या त्या आकारात चिकटवा. पूर्ण वाळली की झाला ठसा. नदीच्या लाटा, पाऊस, डोंगररांग यासाठी हा फारच छान उमटतो.

रंग पसरतो तो का?

आता खरी अडचण. ठसा सुंदर उमटतो, मूल स्केचपेनने रंग भरायला बसतं आणि काळी रेष पिवळ्या रंगात ओघळते. सगळं कार्ड मळकट. बहुतेक जण इथेच सोडून देतात.

कारण साधं आहे. कार्यालयात वापरतात त्या स्टॅम्प पॅडची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, आणि साध्या स्केचपेनचा रंगही पाण्याचाच. ओला स्केचपेन रेषेवरून गेला की तो रेष विरघळवतो. त्यात पॅडची शाई लवकर सुकू नये म्हणूनच बनवलेली असते. वरून कोरडी दिसते, बोट फिरवलं की कळतं.

यावर उपाय आहेत. सगळ्यात भरवशाचा म्हणजे पॅडची शाई सोडून कापडावर रंगवायचा फॅब्रिक कलर वापरणं. स्पंजच्या तुकड्यावर थोडासा, पातळ थर पसरवा, ठसा त्यावर हलकेच टेकवा आणि कागदावर दाबा. हा रंग एकदा नीट वाळला की पाण्याने हलत नाही. अर्धा तास थांबा, मग खुशाल स्केचपेन चालवा. ठसा मात्र लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाही तर रंग त्याच्या खाचांत बसून कोरीवकाम बुजतं.

दुसरा उपाय झेरॉक्सवाल्याकडे आहे. ठशांनी पांढऱ्या कागदावर एकदाच चांगलं चित्र तयार करा आणि त्याची झेरॉक्स कार्डशीटवर काढून घ्या. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर चिकटते, स्केचपेनच्या पाण्याने ती विरघळत नाही. शाळेला पन्नास कार्डं करायची असतील तर हाच मार्ग बरा. फक्त आधी विचारा, काही मशीनला जाड कागद चालत नाही.

तिसरा उपाय म्हणजे पॅडशिवाय छापणं. स्केचपेनने थेट ठशाच्या रेषांवर रंग लावायचा, तोंडाने 'हाऽऽ' करून त्यावर वाफ सोडायची आणि लगेच दाबायचं. वाफेने सुकत आलेला रंग पुन्हा ओलसर होतो. एकाच पतंगाला अर्धा लाल, अर्धा निळा असा रंग यातूनच मिळतो. मुलांना हा प्रकार सगळ्यात आवडतो. पण ही रेष पाण्याचीच, त्यामुळे आत रंग भरताना तिच्यापासून थोडी पांढरी जागा सोडा.

बाजारात अल्कोहोलचे मार्करही मिळतात. त्यांचा रंग सपाट आणि छान बसतो, पण कागदाच्या पाठीमागे फुटतो आणि वास उग्र असतो. पाठीमागे जाड कागद ठेवा, खोली बंद ठेवू नका. त्यांची गंमत उलटी आहे. पाण्याच्या शाईची वाळलेली रेष ते सहसा हलवत नाहीत, पण परमनंट मार्करने काढलेली रेष मात्र पसरवतात. कोणतीही जोडी असो, आधी रद्दी तुकड्यावर करून बघा.

रंग भरताना फिकट रंग आधी, गडद नंतर. एकाच जागी चार-चारदा घासू नका, कागदाचे बोळे निघतात. एका रंगातून दुसऱ्यात हळूच जायचं असेल तर स्केचपेन दुधाच्या धुतलेल्या पिशवीवर घासा, तो रंग ओल्या ब्रशने उचला आणि लावा. साध्या बारा रंगांच्या डब्यातून असा कितीतरी छटांचा खेळ करता येतो.

चित्रं आपल्या भागाची

हस्तकला म्हटलं की वारलीची माणसं काढायची सवय लागली आहे. वारली सुंदरच आहे, पण ती पालघर-डहाणूकडची. आपल्याकडे काय कमी आहे? काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावरचे मोरपिसांचे टोप, कमरेचे दुधीभोपळे, ढोल. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला चढणारी माणसांची रांग, तिच्यासाठी सुतळीचा डोंगर आणि बोटांचे ठसे पुरतात. ढोलाचा ठसा करा आणि मोरपीस हिरव्या-निळ्या स्केचपेनने काढा, होळीचं कार्ड तयार. आतला शब्द घरात बोलता त्याच बोलीत लिहा. भिली, पावरी, मावची, अहिराणी, देवनागरीत सगळं लिहिता येतं.

कागद, घडी आणि पाकीट

२०० जीएसएमच्या आसपासची ए-४ कार्डशीट घ्या. मधोमध कापली की दोन कार्डं होतात. प्रत्येक तुकडा मधे दुमडायचा, पण थेट दुमडला तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो. पट्टी ठेवून, रिफिल संपलेल्या पेनने आधी एक दाबाची रेघ ओढा, मग दुमडा. घडी केल्यावर कार्ड साधारण १०.५ बाय १५ सेंटिमीटरचं होतं.

पाकीट साध्या ए-४ कागदात बसतं. कागद उभा ठेवा. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरची पट्टी सोडा, मधे १६ उरतात. खालून ११.५ वर दुमडा, पुढचे ११.५ पाकिटाची पाठ, वर उरतं ते झाकण. बाजूच्या पट्ट्या आत घेऊन चिकटवा. झालं.

वजनाचा हिशेब महत्त्वाचा आहे. असं कार्ड साधारण ६ ग्रॅम, पाकीट ५ ग्रॅम, मिळून ११. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं, त्यात हे आरामात बसतं. मणी, आरसे, जाड पुठ्ठा चिकटवलात तर वजन वाढतं आणि पाकीट शिक्के मारताना फाटतंही. तिकीट कमी पडलं तर पत्र बैरंग होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. मजुरीवर असलेल्या बापाला कार्डासाठी पैसे भरायला लावू नका. शंका असेल तर पोस्टात वजन करून घ्या.

पिन कोड टाकाच. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली. एकसारख्या नावाची गावं आणि वेगवेगळ्या लिपीतले पत्ते यांचा घोळ मिटावा हा हेतू. नंदुरबारचा पिन ४२५४१२, तळोद्याचा ४२५४१३. ऊसतोडीच्या टोळीचा पत्ता हवा असेल तर मुकादमाला फोन करून गाव, तालुका, जिल्हा आणि पिन चारही विचारा, आणि पाकिटावर मुकादमाचं नाव 'मार्फत' म्हणून घाला. टोळी दुसऱ्या गावी हलायची असेल तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका, तिकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती द्या.

जवानाला पाठवत असाल तर पत्ता निराळा असतो. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. लष्करी टपालाचा पिन ९ ने सुरू होतो. ठिकाणाचं नाव घालायचं नसतं. आणि कार्डाचा फोटो स्टेटसला ठेवाल तर कार्डाचाच ठेवा, पाकिटावरच्या पत्त्याचा नको.

विकायचं असेल तर

बचत गटातल्या काही जणी विचारतील, यात चार पैसे सुटतात का? सुटतात, पण वेळेचा भाव धरला तरच. समजा कार्डशीट, पाकीट, रंग मिळून कार्डाला ६ रुपये लागले आणि एका कार्डाला वीस मिनिटं. तासाला ५० रुपये मजुरी धरली तर १७ रुपये त्याचे. म्हणजे २३ च्या खाली विकलं तर तुम्ही फुकट राबलात. दहा कार्डं एकदम करा, आधी सगळे ठसे, मग सगळे लाल रंग, मग सगळे हिरवे. वेळ निम्म्यावर येतो. सिनेमातल्या किंवा कार्टूनमधल्या चित्रांची नक्कल करून विकू नका, त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो.

शेवटचं काम पाकिटावरच्या पत्त्याचं. रंगीत स्केचपेनने लिहिलेला पत्ता छान दिसतो आणि पहिल्या पावसात किंवा पोस्टमनच्या घामाच्या हाताने पुसला जातो. राखीची कार्डं तर भर श्रावणात निघतात. पत्ता साध्या बॉलपेनने लिहा, मागच्या बाजूला आपलाही लिहा. मग ओलं बोट एका अक्षरावरून फिरवून बघा. अक्षर हललं नाही तर टाका पेटीत.