इंजिनाची निवड आणि रुळांचे बळ

१८६२ साली बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या राज्यात डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान अडीच फूट रुंदीची एक चिमुकली रेल्वे सुरू झाली. भारतातील हा पहिला अरुंद लोहमार्ग आणि संस्थानाच्या मालकीची ही पहिली रेल्वे. नवलाची गोष्ट ही, की या रेल्वेचे डबे ओढीत असत ते बैल! पुढल्याच वर्षी वाफेची इंजिने विकत घेण्यात आली, पण बैलांची सुटका काही झाली नाही. कारण रूळ हलके होते. इंजिनाचा भार त्यांना पेलणारा नव्हता. १८७३ मध्ये अधिक भक्कम रूळ टाकण्यात आले तेव्हा कोठे इंजिनाचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यांचा नियमित वापर सुरू व्हावयास १८८० साल उजाडले. इंजिन वर्षभरात आले. त्याला साजेसा मार्ग होण्यास दहा वर्षे लागली.

ही जुनी हकिकत आज सांगण्याचे कारण निराळेच आहे. संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याची एक विद्या आहे. तिला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या विद्येचा नाद लागलेला तरुण दुकानात जातो तो थेट इंजिन निवडावयास. रुळांची चौकशी तो सहसा करीत नाही. डभोईसारख्या गावी लग्नसमारंभांच्या चित्रफिती तयार करून देणारा एखादा होतकरू व्यावसायिक डोळ्यांपुढे आणावा. ऐन वैशाखात मुहूर्तांची गर्दी, प्रत्येक घराला चित्रफीत आठ दिवसांत हवी, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर. संगणक वेगवान हवा ही त्याची निकड खरी आहे. पण गाठीची सारी पुंजी प्रोसेसरवर ओतून त्याने बाकीच्या गोष्टींत काटकसर केली, तर खंडेरावांच्या इंजिनांप्रमाणेच त्याचाही प्रोसेसर नुसता शोभेला उरेल.

प्रथम वेग म्हणजे काय ते पाहावे. प्रोसेसरमध्ये एक ठोका अखंड पडत असतो, आणि त्या ठोक्यावर कोट्यवधी सूक्ष्म कळा उघडझाप करीत असतात. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. मदरबोर्डकडून येणारा मूळ ठोका बहुधा शंभर मेगाहर्ट्झचा असतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक पन्नास असेल, तर वेग पाच गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मुख्यत: हा गुणक वाढविणे. मात्र एक ठोका पडून दुसरा पडण्याच्या आत सर्व कळा आपापल्या जागी स्थिर झाल्या पाहिजेत, नाही तर हिशेब चुकतो. कळांनी अधिक त्वरेने हालचाल करावी म्हणून त्यांना अधिक व्होल्टेज द्यावे लागते, आणि सारे दुखणे येथूनच सुरू होते.

कारण असे, की कळांच्या या उघडझापीची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.६ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले असे समजू. वेग वाढला शेकडा पंधरा. उष्णता मात्र वाढली शेकडा पंचेचाळीस. पंधरा रुपयांच्या मालाला पंचेचाळीस रुपये भाडे पडावे तसा हा व्यवहार आहे.

तरीही हा व्यवहार एके काळी फार किफायतशीर होता, हे कबूल केले पाहिजे. कारखान्यात तयार झालेले सर्व प्रोसेसर एकसारखे निघत नाहीत. एकाच साच्यातील एक तुकडा थोड्या व्होल्टेजवर चपळ चालतो, दुसरा अडखळतो. कारखानदार त्यांची परीक्षा घेऊन प्रतवारी लावतो. पण स्वस्त मालाला मागणी अधिक असली, की उत्तम तुकड्यांवरही कनिष्ठ प्रतीचा शिक्का बसतो. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए असाच निघाला. त्याचा गुणक साडेचारवर पक्का केलेला होता, पण मूळ ठोका सहासष्टऐवजी शंभर केला, की तीनशे मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर साडेचारशेवर धावे आणि कितीतरी महाग अशा पेंटियम टूच्या पंक्तीस जाऊन बसे. २०११ मधील कोअर आय५-२५००के हाही असाच गाजला. ३.३ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर साडेचारपर्यंत पुष्कळांनी नेला. आजही जुन्या शौकिनांची बैठक जमली, की या दोघांची नावे जुन्या काळच्या मल्लांप्रमाणे आदराने घेतली जातात.

आज ती परिस्थिती राहिलेली नाही. आजचे प्रोसेसर थंडावा आणि वीज यांचा अंदाज घेत स्वत:च आपला वेग वाढवितात. २०२३ मध्ये आलेला कोअर आय९-१४९००के कोणी हात न लावताही एखाद्या क्षणी सहा गिगाहर्ट्झ गाठतो आणि भर कामात अडीचशे वॅटहून अधिक वीज पितो. द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने याच पिढीतील प्रोसेसर त्या वर्षी नऊ गिगाहर्ट्झच्या पुढे नेण्यात आला खरा, पण तो विक्रमाचा खेळ झाला. रोजच्या धंद्याशी त्याचा संबंध नाही. पूर्वी जी शिल्लक ग्राहकाच्या वाट्याला येत असे, ती आता कारखानदार स्वत:च खर्चून टाकतो.

एवढे समजून घेऊनही ज्याला ही विद्या आजमावयाची आहे, त्याने पहिल्याने प्रोसेसरच्या नावातील अक्षर वाचावे. इंटेलचे जे प्रोसेसर गुणक बदलू देतात त्यांच्या नावाच्या शेवटी 'के' असते. 'केएफ' असेल तर गुणक मोकळा आहे, परंतु चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही. ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. शिवाय नुसता 'के' पुरत नाही. मदरबोर्डही 'झेड' मालिकेचा लागतो. 'बी' मालिकेच्या बोर्डावर 'के' प्रोसेसर बसतो, चालतो, पण त्याचा गुणक वाढविता येत नाही. अधिक पैसे मोजून 'के' घेणारा आणि काटकसर म्हणून 'बी' बोर्ड घेणारा ग्राहक मोकळ्या गुणकाचे पैसे अक्षरश: पाण्यात टाकतो, आणि अशी बिले दुकानांतून सर्रास फाटतात.

एएमडीचा रिवाज अधिक उदार आहे. २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरांपैकी बहुतेकांचा गुणक मोकळा असून 'बी' आणि 'एक्स' मालिकांचे बोर्ड त्यास मुभा देतात. ए३२०, ए५२० असले स्वस्त बोर्ड देत नाहीत. अपवाद आहेच. २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरात स्मृतीचा एक जादा थर गणन करणाऱ्या भागाच्या डोक्यावर रचलेला होता. हा थर अधिक व्होल्टेज सोसत नसे आणि खालची उष्णता वर जाण्यासही आडकाठी करी. म्हणून त्याचा गुणक बंदच ठेवला होता. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तोच थर खाली घातला, उष्णतेला वाट मिळाली आणि गुणक मोकळा झाला. वेगाचे कुलूप कित्येकदा व्यापारी हेतूने घातलेले असते, पण कधी कधी ते पदार्थाच्या धर्मामुळेही पडते, हे या उदाहरणावरून दिसते.

आता रुळांकडे वळू. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवती विजेचे रूपांतर करणारी यंत्रणा असते. ती दुबळी असली, की तापते, आणि ती तापली की बोर्ड स्वत:च प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. म्हणून या घटकांवर धातूचे भरीव आवरण आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. वीज पुरविणारी पेटी चांगल्या प्रतीची आणि गरजेपेक्षा थोडी वरचढ असावी; यूपीएसची शक्तीही त्याच मापाने धरावी. वीज गेल्याबरोबर यूपीएसने मान टाकली, तर रात्रभर चाललेले काम त्याबरोबर जाते.

सर्वांत मोठा रूळ मात्र हवेचा. पंख्याचा असो वा पाण्याचा असो, कोणताही साधा शीतक प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेत नेऊन टाकतो. भर कामात प्रोसेसर हवेपेक्षा पन्नास अंशांनी तापत असेल, तर पौषातील वीस अंशांच्या पहाटे तो सत्तर अंशांवर राहील. वैशाखातील बेचाळीस अंशांच्या दुपारी तोच ब्याण्णववर जाईल. रायझन ७००० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा पंचाण्णव अंश आहे. थंड देशांतील परीक्षणे वाचून डभोईत शीतक निवडणाऱ्याची फसगत होते ती येथे. त्यातून दुकान रस्त्यावर असले, तर धूळ आहेच.

या खटाटोपातून पदरात काय पडते? प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झवरून ५.३ वर नेला, तर एक तासाचे काम फार तर साडेछप्पन्न मिनिटांत होईल. साडेतीन मिनिटे वाचली. उलट, तेच पैसे आठऐवजी बारा गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये घातले, तर जे काम सर्व गाभ्यांत वाटले जाते ते चाळीस मिनिटांच्या आसपास उरकू शकते. तसेच शंभर वॅट जादा वीज रोज आठ तास जळाली, तर पंचवीस दिवसांत वीस युनिट होतात. रक्कम मोठी नव्हे, पण ते शंभर वॅट खोलीतच उष्णता होऊन राहतात आणि पंख्याखाली बसलेल्या माणसाला भोवतात.

अधिक व्होल्टेजची बाधा तत्काळ दिसतेच असेही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील अनेक प्रोसेसर, कोणी ओव्हरक्लॉक न करताही, अवाजवी व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत गेल्याचे २०२४ मध्ये उघडकीस आले. कंपनीला सुधारित मायक्रोकोड द्यावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. ग्राहकाने स्वत: व्होल्टेज वाढवून प्रोसेसर बिघडविला, तर हमीचे छत्र त्याच्या डोक्यावर सहसा राहत नाही. आणि पूर्ण बिघाडापेक्षा अर्धवट बिघाड वाईट. संगणक बंद पडला तर निदान कळते. एखादा हिशेब गुपचूप चुकला, तर सप्तपदीच्याच वेळी चित्र फाटलेले निघते, आणि तो प्रसंग काही पुन्हा चित्रित करता येत नाही.

म्हणूनच उष्ण प्रदेशातील जाणते लोक अलीकडे उलट वाटेने जातात. ते वेग वाढविण्याऐवजी व्होल्टेज किंचित उतरवितात. व्होल्टेज शेकडा पाचने कमी झाले, तर उष्णता जवळजवळ शेकडा दहाने घटते, आणि थंडावा मिळालेला प्रोसेसर आपल्या आपणच वरच्या वेगावर अधिक काळ टिकून राहतो. रायझनमध्ये यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. मात्र हमीच्या दृष्टीने कंपनी तीही ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरते, हे विसरू नये. येथेही प्रत्येक तुकड्याचे नशीब वेगळे; शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही.

आकडा कोणताही असो, त्याची परीक्षा कामाच्या भारानेच करावी. एक लांबलचक चित्रफीत तयार करावयास लावून काही तास तापमान पाहावे, आणि तयार झालेली फीत आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांखालून घालावी. हिवाळ्यात उत्तीर्ण झालेली जुळणी चैत्र संपताना, लग्नाची कामे हातात घेण्यापूर्वी, भर दुपारी पंखा नेहमीच्याच वेगावर ठेवून पुन्हा तपासावी. त्या दुपारी प्रोसेसर अडखळला, तर गुणक एकदोन पायऱ्या खाली आणावा, आणि कारखान्याची मूळ जुळणी एका कागदावर लिहून संगणकाच्या पेटीवर चिकटवून ठेवावी.