सामायिक पाण्याचा शिष्टाचार

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील आपला हक्क बजावला. बिडकीनहून शहरातील जलतरण तलावावर जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्या हक्कासोबत येणारे कर्तव्यही आम्ही सांगतो.

पोहण्याची एक मार्गिका जेमतेम अडीच मीटर रुंद असते. दोघे असल्यास तिच्या दोन बाजू वाटून घ्याव्यात. तिसरा आल्यास त्याने आधीच्या दोघांना सांगूनच उतरावे. मग सर्वांनी एका कडेने जावे व दुसरीने परतावे. मागचा वेगवान असेल, तर टोकाशी थांबून त्यास वाट द्यावी. विसावा कोपऱ्यात घ्यावा, म्हणजे वळणाऱ्यास भिंत मोकळी राहते. पाण्यात हक्काने उतरावे. उतरल्यावर मात्र शेजाऱ्याची जागा राखावी.