आनंदाची रात्र

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. हिवाळ्याच्या दीर्घ रात्री तेथील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी शेजारीपाजारी विस्तवाभोवती जमत. या बैठकीस वेल्श भाषेत ‘नोसन लावेन’, म्हणजे आनंदाची रात्र, म्हणतात. तेथे रंगमंच नसे, तिकीट नसे. आताचा श्रोता घटकाभराने गायक किंवा कथेकरी होई.

‘केर्द दान्त’ हा तेथील खास गानप्रकार. हार्पवादक एक धून वाजवितो. गायक किंचित थांबून निराळ्याच चालीत पद्य सुरू करतो, आणि दोघे अखेरीस नेमके एकत्र येतात. आपल्याकडील समेची आठवण व्हावी असा तो क्षण!

अठराव्या शतकात मेथॉडिस्ट धर्मोपदेशकांचा अशा करमणुकीवर रोष झाला. तरी प्रथा सर्वस्वी मावळली नाही. १९४० च्या दशकात बीबीसीचे निर्माते सॅम जोन्स यांनी बँगोर येथून ती नभोवाणीवर आणली. घरोघर ती पोहोचली खरी, परंतु ऐकणारा आता केवळ श्रोताच राहिला.

२०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे लोक वेल्समध्ये १७.८ टक्केच आढळले. शाळा व कायदा भाषेला मान देतात. तिच्यात मनमोकळे हसण्याची सवय मात्र शेजाऱ्याच्या घरीच लागते.