संगणक परवानगी नाकारतो तेव्हा
तासभर खपून टंकलिखित केलेला अर्ज जतन करताना ‘परवानगी नाही’ असा संदेश पडद्यावर उमटला, तरी अर्ज नाहीसा झालेला नसतो. खिडकी बंद न करता तो प्रथम आपल्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये जतन करावा. कारण मग शोधावे.

विंडोज प्रणालीत प्रत्येक फोल्डरला मालक असतो. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ प्रणालीने स्वतःसाठी राखला आहे, आणि ते योग्यच आहे. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. विंडोज नव्याने बसवल्यावर आपलाच जुना फोल्डर आपल्याला परके मानतो! खात्याचे नाव तेच असले, तरी संगणक ते ओळखतो अंतर्गत क्रमांकावरून, आणि तो क्रमांक बदललेला असतो. अशा वेळी प्रशासकाच्या खात्यातून फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ विभागात जाऊन मालकी व लेखनाची परवानगी आपल्या नावे करावी. संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी मात्र घेऊ नये. त्याने विंडोजच बंद पडण्याची भीती असते.