मुलाला गो-कार्टवर बसवताय? आधी हेल्मेट नीट बघा!

सुट्ट्या लागल्या की आपल्या भागातून पाचगणी, महाबळेश्वर, लोणावळ्याकडे गाड्या निघतात. स्ट्रॉबेरी, पॉईंट, घोड्यावरची रपेट झाली की पोरांचा हट्ट सुरू होतो, ‘पप्पा, गो-कार्ट!’ तिकीट काढलं जातं. काउंटरवरचा माणूस ढिगातून एक हेल्मेट उचलून पोराच्या डोक्यावर ठेवतो, बक्कल अडकवतो की नाही तेही कुणी बघत नाही, आणि गाडी सुटते. आई-वडील कठड्याबाहेर मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे.

खेळ वाईट नाही. पण त्या पाच-दहा मिनिटांत मुलाच्या डोक्याची जबाबदारी त्या एका हेल्मेटवर असते. ते मापाचं नसेल तर असून नसल्यासारखंच. म्हणून हेल्मेट कसं निवडायचं, कसं तपासायचं, हे समजून घेऊ.

एवढ्याशा गाडीला हेल्मेट कशाला?

गो-कार्ट जमिनीला अगदी टेकलेली असते, त्यामुळे ती खेळण्यातली वाटते. पण भाड्याने मिळणाऱ्या अनेक कार्ट ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पळतात. वर टप नाही, बाजूला दार नाही. दुसरी कार्ट मागून आदळली किंवा आपली कार्ट कडेच्या टायरांवर गेली, की डोकं पुढे-मागे हिसडतं आणि स्टिअरिंगवर, लोखंडी पाइपवर किंवा रस्त्यावर आपटू शकतं.

लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते. त्यामुळे मोठ्या माणसाचं जड हेल्मेट मुलाला घातलं, तर धक्क्याच्या वेळी त्या वजनाचा ताण मानेवर येतो. ‘मोठं असलं तर असू दे, पुढच्या वर्षी होईल’ हा हिशोब शाळेच्या गणवेशाला चालतो, हेल्मेटला चालत नाही.

हेल्मेट वाचवतं कसं?

बऱ्याच जणांना वाटतं, वरचं कडक कवच डोकं वाचवतं. खरं काम आतल्या थर्माकोलसारख्या जाड थराचं असतं. कवच मार पसरवतं आणि आतला थर दबून धक्का स्वतः शोषून घेतो. पण तो एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसत असलं, तरी त्याचं काम संपलेलं असतं. ते बदलायचंच.

म्हणूनच जुनं, कुणाकडून मागून आणलेलं हेल्मेट मुलाला देऊ नये. ते आधी कुठे आपटलंय, हे आपल्याला कळणार कसं? न आपटलेलं हेल्मेटसुद्धा साधारण पाच वर्षांनी बदलावं. घाम, ऊन आणि वापराने आतलं अस्तर आणि चिकटवलेले भाग सैल होतात.

कोणतं हेल्मेट घ्यायचं?

कार्टसाठी हनुवटी झाकणारं, पूर्ण चेहऱ्याचं आणि काच असलेलं हेल्मेट हवं. अर्धं हेल्मेट तोंड आणि जबडा उघडा ठेवतं, आणि कार्टमध्ये स्टिअरिंग तर तोंडासमोरच असतं. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा डोळ्यात जाऊ नये म्हणून काचही गरजेची. सायकलचं हेल्मेट इथे उपयोगाचं नाही, ते वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं.

मूल कधीतरीच कार्ट चालवणार असेल, तर त्याच्या मापाचं आयएसआय मार्कचं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घ्या. दुचाकीच्या हेल्मेटसाठी आपल्याकडे आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून या मार्कशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरीही रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांत टोपीसारखी हेल्मेट मिळतात आणि त्यावर खोटं स्टिकरही असतं. मार्कजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर हेल्मेट परत ठेवा.

मूल नियमित सराव करणार, स्पर्धेत उतरणार असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी अमेरिकेतल्या स्नेल या संस्थेचं मुलांच्या मोटरस्पोर्टसाठी खास मानक आहे, त्याला ‘सीएमआर’ म्हणतात. ही हेल्मेट मुलांच्या डोक्याच्या आकाराला धरून बनवतात आणि वजनाने हलकी, साधारण सव्वा किलोच्या आसपास असतात. स्पर्धेत कोणतं मानक चालतं, हे खरेदीआधी प्रशिक्षकाला विचारा, नाहीतर पैसे वाया जातील.

माप असं घ्या

शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा टेपचा वेढा घ्या. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. वय बघून हेल्मेट घेऊ नका, एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या डोक्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असतो. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून मुलाला दुकानात सोबत न्या.

हेल्मेट घातल्यावर या गोष्टी बघा :

१. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. कपाळ आणि अस्तर यांच्यात बोट सहज जात असेल तर हेल्मेट मोठं आहे.

२. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवा. डोक्याची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरत असेल तर लहान माप मागा.

३. पट्टा घट्ट लावा. हनुवटीखाली एक-दोन बोटंच जावीत.

४. पट्टा लावल्यावर हेल्मेट मागच्या बाजूने धरून हळूच वर आणि पुढे ओढा. डोक्यातून निघालं तर ते हेल्मेट घेऊच नका.

५. दहा मिनिटं तसंच घालून बसवा. कपाळ दुखतंय असं मूल म्हणालं तर आकार जुळत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा.

केस आणि ओढणी विसरू नका

२०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथे गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. २०२० मध्ये हैदराबादजवळ एका विद्यार्थिनीचा असाच मृत्यू झाला. दोघीही मजा करायलाच गेल्या होत्या. कार्टचं इंजिन आणि फिरणारा दांडा सीटच्या अगदी मागे असतो. त्यामुळे मुलींचे केस घट्ट बांधून हेल्मेटच्या किंवा कपड्याच्या आत घालायचे. नुसती वेणी मागे सोडून चालणार नाही. ओढणी, स्कार्फ, जॅकेटची लोंबणारी नाडी काढून ठेवायची. पायात चप्पल नको, बूट हवेत.

ट्रॅकवरचं हेल्मेट घ्यायची वेळ आली तर

दरवेळी कुणी घरून हेल्मेट नेणार नाही, हे खरं. मग काउंटरवर थांबा आणि मुलांच्या मापाचं मागा. आतला थर फुटलाय का, कवचाला तडा आहे का, बक्कल लागतंय का, काचेतून स्पष्ट दिसतंय का, ते बघा. वरची ओढून बघायची चाचणी तिथेच करा. मागे रांग असली तरी गडबड करू नका. मापाचं मिळालं नाही तर त्या दिवशी कार्ट नको. पोरगं रडेल, रुसेल, आइस्क्रीमवर गप्प होईल.

हेच हेल्मेट रोज वापरा

कार्टवर मूल वर्षातून एकदा बसतं, पण आपल्या दुचाकीवर रोज बसतं. शाळेला, शेतावर, आठवडी बाजाराला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसलेल्या मुलालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेटसोबत चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला आहे.

तेव्हा सहलीच्या निमित्ताने मुलाच्या मापाचं एक आयएसआय हेल्मेट घ्या. ते ट्रॅकवर कामाला येईल, आणि सोमवारी शाळेत सोडतानाही.