लाखभर किलोमीटरनंतरचे गिअर ऑइल

गिअरबॉक्समधले तेल इंजिनातल्या तेलासारखे जळत नाही. त्याला काजळी लागत नाही, गळती नसेल तर पातळी उतरत नाही आणि डॅशबोर्डवर त्याच्या नावाचा दिवाही नसतो. त्यामुळे इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेल्या गाडीतही दीड लाख किलोमीटरनंतर कारखान्यात भरलेलेच गिअर ऑइल सापडते.

हे तेल तीन कारणांनी निकामी होते. पहिले कारण उष्णता. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. दुसरे, दात्यांमध्ये सतत चिरडले गेल्याने तेलाचा दाटपणा राखणाऱ्या रसायनांच्या लांब साखळ्या तुटतात आणि तेल पातळ पडते. तिसरे, झिजेचा कीस. साखरप्याहून आंबा घाट चढणारी गाडी बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते, आणि एप्रिल-मेमध्ये मागे हापूसच्या पेट्या असतात. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत अशा खडतर वापरासाठी तेल बदलण्याची मुदत वेगळी आणि कमी दिलेली असते. ते पान सहसा कोणी उघडत नाही.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत फार विचार करण्यासारखे काही नाही. तेल कितीही जुने असले तरी योग्य प्रतीचे नवे भरल्याने नुकसान होत नाही. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करावे आणि ती पिटवर सपाट उभी करावी. आधी वरचा फिलर प्लग सैल करावा, मगच खालचा ड्रेन प्लग. समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे न उघडलेला फिलर प्लग गंजून धरतो. तेल काढून झाल्यावर तो उघडेना, तर गाडी पिटवरच अडकते. ड्रेन प्लगला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावरचा करडा लगदा ही वयाची झीज. धातूचे तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर गिअरबॉक्स उघडून पाहावा लागतो. वॉशर नवा घालून, फिलरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचे. लहान गाड्यांना साधारण दोन ते अडीच लिटर पुरते.

ग्रेड मात्र पुस्तिकेतलाच हवा. डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ तेल जीएल-४ पेक्षा भारी म्हणून ओतले जाते. त्यातल्या जादा रसायनांमुळे सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना हवे तेवढे घर्षण मिळत नाही, आणि गिअर टाकताना खरखर सुरू होते. एएमटी गाड्या, म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेला प्रकार, आतून मॅन्युअलच असतात. त्यांच्या गिअरबॉक्सला गिअर ऑइलच लागते. क्लच आणि गिअर हलवणारे अॅक्च्युएटर हायड्रॉलिक असतील तर त्यांचे तेल वेगळे असते.

ऑटोमॅटिकबाबतचा प्रश्न चिपळूणच्या एका वाचकाने विचारला आहे. गाडी टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली, तेल एकदाही बदललेले नाही. गॅरेजमधला सल्ला असा: आता हात लावू नका, तेल बदलले की गिअरबॉक्स बसेल.

हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि त्यामागे अनुभवही असतो. पण अनुभवाचा क्रम उलटा लावलेला असतो. बहुतेक मालक तेलाची आठवण काढतात ती गिअर घसरू लागल्यावर. तोवर आतल्या क्लच प्लेटांचे अस्तर झिजलेले असते. नवे तेल ते अस्तर परत आणू शकत नाही. गिअरबॉक्स महिन्याभरात बसतो आणि दोष तेलावर येतो. सल्ल्यात तथ्याचा अंश आहे तो फ्लशिंग मशीनबाबत. दाबाने धुतल्यावर वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटून व्हॉल्व बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो.

म्हणून आधी जुने तेल तपासावे. बहुतेक ऑटोमॅटिकचे तेल नवे असताना लाल असते. नुसते तपकिरी झालेले तेल चालण्याजोग्या अवस्थेत असू शकते. काळे आणि करपट वास येणारे तेल मात्र प्लेटा जळाल्याची खूण आहे. गिअर घसरत नसतील आणि वास नसेल, तर तेल बदलणेच हिताचे. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलायला सांगते. गाडीच्या पुस्तिकेत तेल आयुष्यभर टिकते असे लिहिलेले असते, तिथेही हा हिशेब ध्यानात ठेवावा.

बदलायचे ते टप्प्याटप्प्याने. ड्रेन प्लग उघडल्यावर सगळे तेल येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. एका वेळी ४० टक्के तेल निघते असे धरले, तर पहिल्या खेपेनंतर जुने तेल ६० टक्के उरते, दुसऱ्यानंतर ३६ आणि तिसऱ्यानंतर सुमारे २२. दोन खेपांमध्ये गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवावी. गाळ हळूहळू सुटतो. जेवढे निघाले तेवढेच मोजून भरावे, आणि शेवटची पातळी इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला तपासावी. जास्त भरले तर तेल फेसाळते आणि दाब टिकत नाही. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकला सीव्हीटीचेच तेल लागते.

ऑटोमॅटिकचे तेल एवढे नाजूक का, याचे उत्तर देवमाशापर्यंत जाते. या तेलाला एकाच वेळी गिअर निसरडे ठेवायचे असतात आणि प्लेटांना झटका न बसता पकड द्यायची असते. हा मेळ साधण्यासाठी अमेरिकेत त्यात स्पर्म व्हेलचे तेल मिसळत; ते रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेण असल्याने उष्णतेतही टिकून राहते. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त ठरवल्यावर तो पुरवठा आटला. पर्यायी रसायनांची घडी बसायला काही वर्षे गेली, आणि मधल्या काळातल्या काही मिश्रणांनी कूलरचे सांधे खाल्ले. पुढे प्रत्येक कंपनीने घर्षणाचे आपापले गणित बसवले. म्हणून डब्यातला लाल रंग सारखा दिसला तरी तेल सारखे नसते.

किलोमीटर न पाहता तेल बदलावे लागते ते पुराच्या पाण्यानंतर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पण पाणी शिरायला गाडी बुडावीच लागते असे नाही. गरम गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या नळीतून पाणी ओढले जाते. तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले तर पाणी मिसळले आहे. मॅन्युअलमध्ये एकदा भरून, थोडे चालवून, पुन्हा बदलले तर सहसा भागते. ऑटोमॅटिकमध्ये पाण्याने प्लेटांच्या अस्तराचा गोंद सुटतो, म्हणून तिथे इंजिन सुरू न करता गाडी ओढून न्यावी.

निघालेले तेल विहिरीच्या आसपास किंवा पऱ्ह्यात ओतू नये. जांभा सच्छिद्र असल्याने ते खाली झिरपत जाते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्येच द्यावे.