शून्याच्या क्षणी धाडलेला निरोप

अमेरिकेतल्या घरात विजेचा दाब सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो. ६० हर्ट्झचा प्रवाह दर आवर्तनात दोनदा दिशा बदलतो, आणि दिशा बदलताना शून्य ओलांडतो. वायरीतला खरखराट तेव्हा सर्वांत कमी असतो. स्कॉटलंडच्या ग्लेनरॉथिसमधल्या ‘पिको इलेक्ट्रॉनिक्स’च्या अभियंत्यांनी १९७५ मध्ये नेमका हाच क्षण हेरला. हा कंपनीचा दहावा प्रकल्प, म्हणून नाव ‘एक्स-टेन’.

भिंत न फोडता, नवी वायर न ओढता दिव्यापर्यंत हुकूम पोहोचवायचा होता. शून्याच्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा स्पंद वायरीत सोडायचा. या शून्याला स्पंद आणि पुढच्याला शांतता, म्हणजे ‘एक’. उलट क्रम, म्हणजे ‘शून्य’. या रीतीत लागोपाठ तीन स्पंद कधीच येऊ शकत नाहीत. म्हणून तीन स्पंद आणि मग शांतता, हीच निरोप सुरू झाल्याची खूण ठरली. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती घड्याळाची: पाठवणारा आणि ऐकणारा यांना वेळ जुळवण्यासाठी वेगळे काही लागतच नाही, मेन्सची वीजच दोघांचा ताल धरते.

वेग मात्र बेताचा. १६ घर-अक्षरे आणि १६ क्रमांक मिळून २५६ पत्ते. पत्ता आणि हुकूम दोन्ही दोन-दोनदा पाठवायचे, त्यात पाऊण सेकंद जातो. दिव्याला तेवढे पुरते.

खरी अडचण वायरीतच होती. अमेरिकेतल्या घरात एकाच ट्रान्सफॉर्मरमधून १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र बाजू येतात. एका बाजूचा निरोप दुसरीकडे जायचा तर बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधून वळसा घेऊन, क्षीण होऊन पोहोचतो. शिवाय टीव्ही-संगणकांच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर हे स्पंद गिळून टाकतात. मूळ पद्धतीत पोच नव्हतीच. निरोप हरवला तरी पाठवणाऱ्याला कळत नसे, आणि हीच तिची मोठी उणीव. उलट तोच ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्या शेजाऱ्याचे घर-अक्षर आणि क्रमांक जुळले, तर त्याच्या बटणाने आपला दिवा लागे.

तीन फेजच्या जोडणीत आणखी एक पेच असतो. तिन्ही फेजचे शून्य एकाच वेळी येत नाही. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत त्यांच्यात सुमारे ३.३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्यावर उपाय म्हणून एक्स-टेनमध्ये प्रत्येक स्पंद तीनदा सोडण्याची सोय ठेवली आहे, एकेका फेजच्या शून्यासाठी एकेक.